दानधर्माची शिस्त

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत झालेलें व्याख्यान)



आपल्या देवळाच्या सुवर्णमहोत्सवाचें स्मारक म्हणून कांहीं तरी कायमचें सत्कार्य हातीं घ्यावें, असा विचार मंडळापुढें आहे. कोणी म्हणतात, आजाऱ्यांसाठीं निधि काढावा. कोणी म्हणतात, गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय करावी. कोणी म्हणतात, निराधार वृद्धांस मासिक साहाय्य द्यावें. ह्या सर्वच सूचना स्तुत्य आहेत, आणि त्यांपैकीं कोणती पत्करावी हें मंडळानें ठरवावयाचें आहे. मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, जें काम आपण पत्करूं तें तडीस जाईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशींच झाली पाहिजे.

दानधर्मांतला आरंभशूरपणा हा लहानसा दोष नव्हे. मांडव अर्धवट राहिला तर आपली गैरसोय होते. परंतु मदतीचें वचन अर्धवट राहिलें, तर ज्याला वचन दिलें त्याची हानि होते. समजा, एखाद्या गरिबाची मुलगी आपल्या भरंवशावर परिचारिकेच्या शिक्षणास गेली. पहिल्या वर्षाचें शुल्क सर्वांनीं उत्साहानें भरलें, आणि दुसऱ्या वर्षीं कोणी चौकशीही केली नाहीं. मग तिच्या बापानें कर्ज काढावें, किंवा तिनें शिक्षण सोडून घरीं बसावें, ह्यावांचून तिसरा मार्ग उरत नाहीं. आपण मुळींच पुढें झालों नसतों, तर निदान त्या घरानें दुसरा कांहीं विचार केला असता. म्हणून म्हणतों कीं, गरिबाला दिलेलें वचन हें देवाला केलेल्या नवसासारखें समजावें. फेडण्याची तयारी असेल तरच तें करावें.

ही अडचण आजची नाहीं. क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. 41 ते 54 ह्या काळांत, दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखिया येथील ख्रिस्ती मंडळीनें प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणें वर्गणी काढून ती बर्णबा व शौल ह्यांच्या हातीं यहूदियांतील बंधूंकडे पाठविली. पुढें ह्याच शौलानें, म्हणजे संत पौलानें, यरुशलेमांतील गरिबांसाठीं ह्याहून विस्तृत असें काम अंगावर घेतलें. गलतिया, मासेदोनिया, अखया अशा दूरदूरच्या प्रांतांतून निधि जमवावयाचा होता. आणि देणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं घेणाऱ्यांचीं तोंडेंही पाहिलेलीं नव्हतीं.

करिंथकरांस लिहिलेल्या दोन पत्रांत संत पौलानें ह्या निधीची जी व्यवस्था सांगितली आहे, ती प्रत्येक मंडळाच्या चिटणिसानें व खजिनदारानें लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत तो सांगतो कीं, प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, म्हणजे तो येईल तेव्हां घाईघाईनें वर्गणी गोळा करण्याचा प्रसंग येणार नाहीं. जमलेली रक्कम पोंचविण्यासाठीं माणसेंही मंडळीनेंच पसंत करावयाचीं होतीं. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायावरून दिसतें कीं, करिंथकरांनीं आदल्याच वर्षीं हौसेनें आरंभ केला होता, पण काम रेंगाळलें होतें. पौल त्यांना रागें भरत नाहीं. जशी इच्छा धरली तशी पूर्तताही व्हावी, असें तो सुचवितो, आणि स्वतः हलाखींत असूनही शक्तीबाहेर देणाऱ्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचें उदाहरण त्यांच्यापुढें ठेवतो.

त्याच अध्यायांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ह्या निधीच्या कामीं तीताबरोबर पौल आणखी दोन बंधूंस पाठवितो, आणि त्यांतील एकाची निवड मंडळ्यांनीं केलेली होती. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतींत कोणालाही बोट ठेवण्यास जागा राहूं नये, हा त्यांतील हेतु. प्रत्यक्ष प्रेषितानेंही आपल्या सचोटीची साक्ष एकट्या आपल्या शब्दावर सोडली नाहीं. मग आपल्यासारख्या साध्या माणसांनीं हिशेब मागितल्यावर राग कां मानावा?

आतां अठरा शतकांनंतरचें दुसरें उदाहरण घेऊं. 1832 सालीं पॅरिस शहरांत पटकीची साथ येऊन 18 हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं, 23 एप्रिल 1833 रोजीं, कांहीं तरुण विद्यार्थी एम्मान्युएल बाय्यी नांवाच्या वडीलधाऱ्या गृहस्थाच्या कचेरींत जमले. त्यांपैकीं फ्रेडरिक ओझानाम ह्यास त्या दिवशीं वीस वर्षें पूर्ण झालीं होतीं. ह्या तरुणांस वादसभेंत प्रतिपक्षाकडून असें विचारण्यांत आलें होतें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, पण आज तुम्ही काय करतां? त्याचें उत्तर त्यांनीं दुसऱ्या भाषणानें दिलें नाहीं. मुफ्तार भागांत गरिबांची सेवा करणाऱ्या भगिनी रोझाली रांद्यू ह्यांच्याकडे ते गेले. कोणत्या घरीं जावें हें भगिनींनीं दाखवून दिलें, आणि मुलांपाशीं पैसा नव्हता म्हणून प्रथम वाटावयाच्या पावाच्या चिठ्ठ्याही त्यांनींच पुरविल्या. आपल्या ओळखीची संत विन्सेंट दी पॉल संस्था ती हीच.

ह्या संस्थेची कार्यपद्धति अगदीं साधी होती. दर आठवड्यास सभा भरे. ज्या घरीं भेट दिली त्या घराची हकीकत सभेपुढें ठेवावयाची, आणि त्या घरास काय द्यावें हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. सभेच्या शेवटीं एक पिशवी फिरे. कोणी किती टाकलें हें शेजाऱ्यासही कळत नसे. त्यामुळें श्रीमंतास मिरवितां येत नसे व गरीब विद्यार्थ्यास लाजण्याचें कारण नसे. सभासदांची संख्या शंभरावर गेली तेव्हां ओझानामनें सुचविलें कीं, आतां वेगवेगळ्या शाखा कराव्या. जुनी मैत्री तुटेल म्हणून कित्येकांना तें रुचलें नाहीं. तरी वस्तीवस्तींतील गरिबांचें हित पाहून शाखा झाल्या, आणि 1835 सालीं संस्थेचे नियम लिहून काढण्यांत आले. ओझानाम 1853 सालीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, वारले. काम मात्र थांबलें नाहीं. आज तें दीडशेच्या आसपास देशांत चालू आहे. 1997 सालीं ओझानाम व 2003 सालीं भगिनी रोझाली ह्यांना पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं धन्यवादित म्हणून घोषित केलें. माणूस गेल्यावरही काम उभें राहिलें, ह्याचें एक कारण तें एका माणसाच्या उत्साहावर टांगलेलें नव्हतें, हें होय.

ह्या दोन उदाहरणांवरून आपल्या कामासाठीं पांच गोष्टी निघतात, त्या मी आपल्यापुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं, काम एक असावें, आणि त्याची रक्कम व मुदत आधीं ठरलेली असावी. समजा, दोनशें कुटुंबांनीं दरमहा 50 रुपये देण्याचें कबूल केलें. कागदावर महिन्याचे 10,000 व वर्षाचे 1,20,000 रुपये होतात. परंतु कोणाची नोकरी सुटेल, कोणी परगांवीं राहावयास जाईल, कोणी विसरेल. म्हणून दीडशें कुटुंबेंच नियमित राहतील असें धरून चालावें, म्हणजे वर्षाचे 90,000 रुपये झाले. मंडळानें वचन द्यावें तें ह्या 90,000 रुपयांच्या आंत. त्यावर जें जमेल तें गंगाजळी म्हणून राखून ठेवावें, आणि वर्गणी कमी पडेल त्या महिन्यांत तिचा उपयोग करावा. एका विद्यार्थिनीचें शिक्षण तीन वर्षांचें असेल, तर तिन्ही वर्षांची तरतूद दिसल्यावांचून दुसरी विद्यार्थिनी घेऊं नये.

दुसरी गोष्ट, वर्गणी लहान पण नियमित असावी. आपल्या महाराष्ट्रांत अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैसा पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्या फंडांतून 1908 सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. तो उद्योगासाठीं होता, आपला निधि दयेच्या कामासाठीं आहे. पण थेंबाथेंबानें तळें सांचतें हा नियम दोहोंकडे सारखाच. आज मोबाइलवरून क्षणांत पैसे पाठवितां येतात ही मोठी सोय आहे. परंतु क्षणांत पाठविलेलें क्षणांत विसरलेंही जातें. म्हणून महिन्याचा एक रविवार ठरवावा, व त्याच दिवशीं वर्गणी द्यावी. नाटक, फनफेर व सोडत ह्यांच्याविषयीं मी एकच सूचना करतों. तिकिटांचे 40,000 रुपये आले, आणि मंडप, दिवे व ध्वनिक्षेपक ह्यांत 28,000 गेले, तर गरिबांस मिळाले ते 12,000. करमणूक वाईट नाहीं, एकोपा वाढविण्यास ती हवीच. परंतु जें शिल्लक उरेल तेंच दान म्हणून सांगावें, आणि खर्चाची मर्यादा तिकिटें विकण्यापूर्वीं ठरवावी.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पैसे मोजतांना दोन माणसें असावींत, बँकेंतून काढतांना दोन सह्या असाव्यात, दिलेल्या रकमेची पावती मिळावी, आणि दर तीन महिन्यांनीं जमाखर्च देवळाच्या फलकावर लागावा. मंडळांत नसलेल्या जाणत्या माणसानें वर्षाअखेर तो तपासावा. ही दक्षता खजिनदारावरील अविश्वास नव्हे. उलट तें त्याचें चिलखत आहे. संशयाची एक कुजबूज सुरू झाली कीं वर्गणी आटते, सज्जन खजिनदार काम सोडतो, आणि भोगावें लागतें तें घरीं औषधाची वाट पाहणाऱ्यास.

चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींहून नाजूक आहे. पैशाचा हिशेब जितका उघडा, तितकें घेणाऱ्याचें नांव झांकलेलें असावें. फलकावर आंकडे येऊं द्या. नांवें व छायाचित्रें येऊं देऊं नका. भेटीस दोघांनीं मिळून जावें, जातांना गाजावाजा करूं नये, आणि गेल्यावर उपदेशापूर्वीं ऐकून घ्यावें. आपल्या समाजांत अशीं घरें आहेत कीं, जीं उपाशी राहतील पण अर्ज लिहिणार नाहींत. अर्जाची वाट पाहत बसणारें मंडळ त्यांच्यापर्यंत कधींच पोंचत नाहीं. यरुशलेमांतील पहिल्या मंडळींतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वांटपांत दुर्लक्ष होतें अशी तक्रार निघाली, तेव्हां प्रेषितांनीं ती दाबून टाकली नाहीं. त्या कामासाठीं मंडळीकडून सात माणसें निवडून घेतलीं. आपल्यालाही प्रत्येक वाडीची खबर ठेवणारीं माणसें हवींत, आणि त्यांत स्त्रिया असाव्यात, कारण चूल पेटली कीं नाहीं हें शेजारणीस आधीं कळतें.

पांचवी गोष्ट, दान आणि कर्ज ह्यांची गल्लत होऊं नये. ज्याला बी-बियाणें, होडीची दुरुस्ती किंवा दुकानाचें भांडवल पाहिजे, व जो परत करूं शकतो, त्याला दान देऊन मिंधें करूं नये. त्याला पतपेढीचा मार्ग दाखवावा. वसईंत मोन्सिन्यर पी. जे. मोनिस ह्यांनीं 1918 सालीं अशाच विचारानें सहकारी पतसंस्था काढली, आणि तिचीच पुढें बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. मंडळाचा निधि मात्र ज्याला परत करणें शक्यच नाहीं त्याच्यासाठीं राखावा, आणि तो देतांना फेडीची भाषा चुकूनही करूं नये.

बंधुभगिनींनो, कोणी म्हणेल, प्रीतीच्या कामांत एवढे नियम कशाला? त्याला माझें उत्तर असें आहे. आई मुलावर प्रीति करते, म्हणूनच त्याच्या जेवणाची वेळ चुकवीत नाहीं. वेळेवर देणें, पुरतें देणें, आणि शेवटपर्यंत देणें, हेंच प्रीतीचें रोजचें रूप आहे. सुवर्णमहोत्सवाच्या कमानी उतरतील, रोषणाई विझेल, ही पुस्तिकाही कपाटांत जाईल. त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यांत, जेव्हां उत्साहाची भाषणें कोणास आठवणार नाहींत, तेव्हांही ठरलेल्या रविवारीं ठरलेली रक्कम ठरलेल्या घरीं गेली पाहिजे. ती जाईल एवढेंच काम आज पत्करा, मग तें एकाच घरापुरतें कां असेना. आणि तें पुरें झाल्यावर दुसरें घ्या.

महोत्सव मंडळानें पुढच्या सभेपूर्वीं कामाचें नांव, वर्षाची रक्कम, मुदत आणि जबाबदार माणसें, ह्या चार बाबी कागदावर मांडून सर्वांपुढें ठेवाव्या, अशी माझी नम्र विनंति आहे. प्रभु येशू ख्रिस्त आपल्या हातांस देण्याची बुद्धि आणि मनास टिकण्याचें बळ देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.