मैत्रिणींनो, मान सांभाळा

पैठणच्या मागावर विणकर बाई तासन्‌तास मान खाली घालून पदरावरचा मोर विणते. शहरातली एखादी संगणकापुढे बसते, तर कुणी ओट्याशी पोळ्या लाटते. कामे वेगळी, पण खांदे पुढे, पाठीला बाक आणि मान झुकलेली हे तिघींचेही सारखेच.

आपल्या डोक्याचे वजन साधारण 5 किलो. मान 60 अंशांत वाकली, की मणक्यांवरचा भार 27 किलोच्या आसपास जातो, असा 2014 सालच्या एका अभ्यासाचा हिशेब आहे. सतत असे वाकून छातीचे स्नायू आखडतात, पाठीच्या वरच्या भागातले ताणले जाऊन कमजोर होतात. शेक आणि मलमाने तात्पुरता आराम पडतो. ताकद मात्र व्यायामानेच येते.

ताठ बसा, नजर समोर. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घ्या, 5 सेकंद थांबा, सोडा. असे 10 वेळा. मग खांद्यांची दोन्ही पाती मागे एकमेकांजवळ आणा. दाराच्या चौकटीला हात टेकवून एक पाऊल पुढे टाकलेत, तर छातीही मोकळी होईल. ताण जाणवावा, कळ नको. फरक दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडू नका. आणि दर अर्ध्या तासाने एकदा तरी कामावरून उठाच.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल किंवा पडल्यानंतर मान दुखत असेल, तर व्यायाम थांबवा आणि जवळच्या रुग्णालयात किंवा डॉक्टरांना दाखवा. दुखणे अंगावर काढू नका.