मोटारींचे सांचे आणि सांचेवाल्यांचा धंदा

मोटारींच्या विक्रीचे आंकडे दरमहा वर्तमानपत्रांत येतात. अमुक कंपनीच्या इतक्या गाड्या खपल्या, तमुक कंपनीची विक्री गतवर्षीपेक्षां इतके टक्के वाढली, हें वाचून आपण समजतों कीं, मोटारीशीं संबंध असलेल्या सर्वच कारखान्यांची आतां भरभराट होत असली पाहिजे. आज मला ज्या धंद्याविषयीं बोलावयाचें आहे, त्याला हा हिशेब लागू पडत नाहीं. मोटारीचे भाग ज्या सांच्यांतून निघतात ते सांचे करणाऱ्या टूलरूमचा हा धंदा होय. पुण्याजवळ भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण येथें, तसेंच छत्रपति संभाजीनगरजवळच्या वाळूज वसाहतींत अशा टूलरूम आहेत. त्यांपैकीं पुष्कळशा एखाद्या शेडमध्यें चालतात व बाहेरच्या माणसाला त्यांचें नांवही ठाऊक नसतें.

सांचा म्हणजे काय हें मोटारीच्या दारावरून पाहूं. सपाट पत्र्यापासून दार एका दाबांत तयार होत नाहीं. पहिल्या सांच्यांत पत्रा ताणून त्याला आकार येतो, दुसऱ्यांत कडा कापल्या जातात, पुढच्यांत भोकें पडतात, त्यानंतर कडा मुडपतात. असे एका दाराला साधारण चार-पांच सांचे लागतात. शिवाय पत्र्याला एक खोड आहे. दाब काढला कीं तो किंचित् मागें येतो. किती मागें येईल याचा अंदाज बांधून सांचा तितका मुद्दाम वांकडा करावा लागतो. हा अंदाज आतां संगणक पुष्कळ अंशीं बरोबर सांगतो. तरी शेवटीं सांच्याच्या दोन अर्धांना निळा रंग लावून, ते एकमेकांवर टेंकवून, कोठें लागतें व कोठें लागत नाहीं हें फिटर स्वतः पाहतो आणि हातानें घांसून तें बसवितो. एवढें झाल्यावर त्या सांच्यांतून लाखों पत्रे निघूं शकतात. म्हणजेच कंपनीनें त्या गाडीचा खप दुप्पट केला, तरी पहिला सांचा झिजेपर्यंत सांचेवाल्याला बहुधा दुसरें काम मिळत नाहीं. त्याचें पोट गाड्यांच्या खपावर चालत नसून गाड्यांच्या नव्या नमुन्यांवर चालतें.

आपल्या देशाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. अँबॅसडर गाडी १९५७ सालीं निघाली व २०१४ पर्यंत उत्तरपाड्यास तयार होत राहिली. तिचें मूळ रूप इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डचें. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी ही तशीच फियाटच्या एका जुन्या नमुन्यावरून आलेली. या गाड्यांसाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहत होते. मागणीचा दुष्काळ कधींच नव्हता, दुष्काळ होता तो नव्या रूपाचा, आणि म्हणून सांचेवाल्यांचाही. या काळांत एक अपवाद पुण्यास घडला. १९६६ नंतर टेल्कोचा कारखाना येथें उभा राहतांना सुमंत मुळगांवकर यांनीं यंत्रें व सांचे घरींच करण्यावर आणि त्यासाठीं उमेदवार शिकविण्यावर भर दिला. अशा मोठ्या कारखान्यांत हात तयार झालेल्या कित्येक कारागिरांनीं पुढें नोकरी सोडून स्वतःच्या शेड घातल्या. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, १९९८ सालीं इंडिका निघाली, आणि दर कांहीं वर्षांनीं रूप बदलण्याची चाल पडली, तेव्हां या शेडना खरे दिवस आले.

विक्री आणि सांचे यांची चाल किती वेगळी असते याचीं दोन अलीकडचीं उदाहरणें देतों. २०१९ सालीं मोटारींची विक्री चांगलीच घसरली होती. परंतु १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधींचे बी. एस. ६ नियम लागू व्हावयाचे असल्यानें इंजिनाच्या व धूर वाहून नेणाऱ्या भागांत बदल करणें कंपन्यांना भागच होतें. भाग बदलला कीं सांचा बदलतो. उलट, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाड्या स्वस्त झाल्या, गिऱ्हाईक दुकानाकडे वळलें. पण त्या गाड्यांचे सांचे पूर्वींच होऊन गेलेले होते. या सवलतीचा लाभ टूलरूमपर्यंत पोंचलाच तर तो कंपनीच्या हातीं पैसा खेळून तिनें नवा नमुना काढावयास घेतल्यावरच पोंचेल.

आतां पैशाची गोष्ट. माझ्या मतें या धंद्याचें खरें दुखणें येथें आहे. ऑर्डरीबरोबर कांहीं रक्कम आगाऊ मिळते, कांहीं पहिल्या चांचणीनंतर, आणि उरलेली सांच्यांतून निघालेला भाग पसंत पडल्यावर. पोलाद मात्र आधींच विकत घ्यावें लागतें व यंत्रावरील कर्जाचा हप्ता कोणासाठीं थांबत नाहीं. मध्येंच गाडीच्या रेखाकृतींत फरक झाला तर पसंतीचा दिवस लांबतो. पुष्कळदां ऑर्डर मोटारकंपनीची नसून भाग पुरविणाऱ्या मधल्या कारखान्याची असते, आणि वरून पैसे आले नाहींत, हें उत्तर त्याच्याजवळ तयार असतें.

२००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें फार तर ४५ दिवसांत फेडलें पाहिजे, नाहीं तर बँकदराच्या तिप्पट व्याज द्यावें लागतें. १ एप्रिल २०२४ पासून, असें देणें मुदतींत न फेडणाऱ्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरासाठीं उत्पन्नांतून वजा करतां येत नाहीं. कायदा चांगला आहे. परंतु माल पोंचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईपर्यंत मुदत सुरू होत नाहीं. आणि सांच्यासारख्या मालांत केंसाएवढी हरकत काढणें कोणाला अवघड आहे? शिवाय ज्याच्याकडून पुढची ऑर्डर यावयाची, त्याच्याकडे व्याज मागण्याचें धैर्य लहान कारखानदाराला होत नाहीं.

मोठे सांचे चीन, जपान, कोरिया येथून येतात याबद्दल तक्रार पुष्कळ ऐकूं येते. केवळ स्वस्ताई हें त्याचें कारण मला दिसत नाहीं. नव्या गाडीचे सर्व सांचे कंपनीला एकाच वेळीं पाहिजे असतात. त्यासाठीं मोठीं यंत्रें आणि चांचणीचे अवजड प्रेस एका छपराखालीं लागतात, आणि ते भोसरीच्या एकट्या शेडला परवडणारे नाहींत. दहा जणांनीं मिळून चांचणीचा एक प्रेस घ्यावा, ही सूचना मला आयातकर वाढविण्याच्या मागणीपेक्षां अधिक उपयोगाची वाटते.

विजेच्या गाड्यांमुळें धंदा बुडेल काय, असेंही विचारतात. दट्ट्या, दांडा, दांतेरी चक्रें यांचे सांचे करणाऱ्यांनीं सावध व्हावें हें खरें. पण विजेच्या गाडीलाही दार, छत व बंपर लागतात. महिंद्र कंपनीनें २०२४ अखेर जाहीर केलेल्या व चाकणला होणाऱ्या दोन नव्या विजेच्या गाड्या याच जातीच्या. बॅटरीची पेटी आणि तारांचे प्लास्टिकचे जोड हीं नवीं कामें आहेत. दुसरी बाजू अशी कीं, अमेरिकेच्या टेस्ला कंपनीनें २०२० सालापासून मागच्या सांगाड्याचे सुमारें ७० तुकडे काढून त्यांच्या जागीं ॲल्युमिनियमचा ओतीव भाग आणला. सत्तर लहान सांचे गेले आणि एक राक्षसी सांचा आला. लहानांच्या वांट्याचें काम मोठ्याकडे गेलें.

मोठें काम घ्यावयाचें तर हात पाहिजेत. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या सरकारी संस्थांत सांचे करण्याची पदविका मिळते, पण तेथून बाहेर पडलेला मुलगा संगणकासमोरची खुर्ची पसंत करतो. निळा रंग लावून घांसावयाचें काम अंगीं येण्यास पुढें आणखी कांहीं वर्षें जातात. तेवढे दिवस त्याला पगार देऊन शिकविणें ज्या मालकाचें मागच्याच सांच्याचें बिल अजून वसूल व्हावयाचें आहे, त्याला कसें जमावें?