मुख्यमंत्री ठाण्याचे, मग नगरसेवक कुठे होता?



आजचा विषय आहे राज्यातला सत्तासंघर्ष आणि सामान्य नागरिक. हा विषय काढला की आपल्या वस्त्यांमधली तरुण मुलं दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं, "तो त्यांच्या घरातला झगडा आहे, आपल्याला काय त्याचं?" आणि दुसरं, "सगळे सारखेच." मुंब्रा असो, राबोडी असो किंवा कल्याण, हेच ऐकू येतं. आज मला या दोन वाक्यांशी वाद घालायचा आहे.

आधी घडलं काय, ते थोडक्यात पाहू. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली त्याला पुरेसा आधार नव्हता, शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, असं न्यायालय म्हणालं. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले होते, म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही, हेही म्हणालं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला आणि तो वाजवी वेळेत द्या, असं सांगितलं.

अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. म्हणजे आमदार गेल्यापासून दीड वर्ष उलटलं. तोवर अर्थसंकल्प मंजूर झाला, बदल्या झाल्या, निविदा निघाल्या. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला. २००३ मध्ये त्यातली एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. पण निर्णय कुणी द्यायचा? सभागृहाच्या अध्यक्षांनी, जे स्वतः कुठल्या ना कुठल्या पक्षातून निवडून आलेले असतात. किती दिवसांत द्यायचा? कायद्यात मुदतच नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याच्यासाठी उशीर हाच निकाल असतो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही एका बाजूचं बोलताय. तर २०१९ आठवा. युती म्हणून मतं मागणारे दोन पक्ष निकालानंतर वेगळे झाले. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी एक शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. २८ तारखेला दुसरा शपथविधी झाला. निकालानंतर आघाडी करणं बेकायदा नाही. पण ज्यांनी मत दिलं होतं, त्यांना त्यातलं कुणीही काही विचारलं नाही. विचारलं पाहिजे असं कुणाला वाटलंही नाही.

आता मुंबईतून आपल्या गल्लीत येऊ, कारण मला खरं बोलायचं आहे ते इथलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर महायुतीचं सरकार आलं. तेव्हापासून २०२६ पर्यंत या दोन्ही शहरांत एकही नगरसेवक नव्हता. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेत फिरवाफिरवी. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. राज्यघटनेचं कलम २४३-यू मात्र सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे.

म्हणजे ठाण्याचा माणूस मुख्यमंत्री होता, २०१९ च्या अखेरीपासून नगरविकास खातंही त्यांच्याचकडे आहे, आणि त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पूर्ण काळात ठाण्यात नगरसेवक नव्हता. निवडणुका एकट्या त्यांनी अडवल्या, असं मी म्हणत नाही. पण आमदार कुणाच्या बाजूला किती, हे रोज मोजणाऱ्या राज्याला आपले नगरसेवक शून्य होते, हे मोजावंसं वाटलं नाही.

प्रशासकराज म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करतात. प्रस्ताव त्यांचा, मंजुरीही त्यांची. महासभा नाही, स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ठाणे महापालिकेचं. नगरसेवक असते तर ते जीव वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण खाटा किती, डॉक्टर किती, हे भर सभेत विचारायला लोकांनी निवडलेलं एकही माणूस त्या इमारतीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, नगरसेवक होते तेव्हा काय मोठं सोनं पिकत होतं? बरोबर आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळमध्ये लकी कंपाउंडची बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. तेव्हा नगरसेवक होते. अटक झालेल्यांत पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर एक नगरसेवकही होता. पण फरक बघा. नगरसेवकाचं नाव, घर, पक्ष आपल्याला ठाऊक असतो. पाच वर्षांनी तो दारात येतो, तेव्हा आपण त्याला नाकारू शकतो. प्रशासकाची बदली होते. त्याला नाकारायचं कुठल्या मतपेटीत?

आता आपल्याबद्दल. ज्याची ओळख मंत्रालयापर्यंत आहे, त्याचं काम एका फोनवर होतं. त्याला नियमाची फारशी गरज पडत नाही. ज्याच्याकडे फोन करायला कुणी नाही, त्याला नियमाशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून राज्यपालांनी काय करावं, अध्यक्षांनी किती दिवसांत निर्णय द्यावा, हे प्रश्न कौसा-मुंब्र्याच्या पोरांचे नाहीत, असं समजू नका. ते सगळ्यात आधी त्यांचेच आहेत. एक जण आपल्याला गठ्ठा मतं म्हणून मोजतो, दुसरा त्याच मतांची भीती दाखवून स्वतःची मतं गोळा करतो. दोघांनाही आपण नागरिक म्हणून हिशेब मागणं अवघड जातं. म्हणून तर तो मागायचा.

तो कसा मागायचा? तीन गोष्टी सांगतो. एक, आपलं नाव मतदार यादीत कुठल्या प्रभागात गेलं आहे, ते आजच बघा. ठाण्यात १३१ जागा आहेत, कल्याण-डोंबिवलीत १२२, आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. म्हणजे तुमच्याकडे चार मतं असतील. चारही एकाच चिन्हाला दिली पाहिजेत, असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन, उमेदवार दारात आला की त्याला विचारा, "पक्ष सोडावासा वाटला तर आधी राजीनामा देऊन पुन्हा आमच्यासमोर याल का?" नगरसेवकांनाही १९८६ च्या कायद्यानुसार पक्षांतरबंदी लागू आहे, हेही त्याला सांगा. तीन, निवडणूक झाली की काम संपलं, असं मानू नका. प्रभाग समितीच्या बैठकीत काय ठरलं, वस्तीवर किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात दर सहा महिन्यांनी विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे.

सगळे सारखेच असतील, हे एक वेळ मान्य करू. पण ज्याला प्रश्न विचारला जातो आणि ज्याला विचारला जात नाही, ते दोघे फार दिवस सारखे राहत नाहीत. मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न मागे बसलेल्या मुलींकडून यावा, अशी माझी इच्छा आहे.