झाडाची हजेरी



कामगार संघटनेतला माणूस झाडांवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आमचे शिक्षण बेताचे. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. पण शहरातल्या झाडाखाली कोण असते, ते आम्ही रोज पाहतो. चपला शिवणारा तिथे बसतो, भाजीवाली टोपली मांडते, रस्ता खणणारा मजूर दुपारी तिथेच भाकरी सोडतो. कारखान्यातल्या कामगाराच्या डोक्यावर निदान पत्रा असतो. यांच्या डोक्यावर झाड. म्हणून झाड हा आम्ही हौसेचा विषय मानत नाही. तो मजुरीच्या दराइतकाच रोकडा प्रश्न आहे.

कनैयालाल मुनशी केंद्रात मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, भाषणे होतात. उत्सवाला आमची ना नाही. पण रोपाची खरी परीक्षा जुलैत होत नाही. ती पुढच्या एप्रिलात होते. पहिले दोनतीन उन्हाळे त्याला हाताने पाणी लागते, आणि त्या वेळी पाहुणे नसतात. पाणी घालणारा मजूर ठेक्यावरचा असतो; ठेका संपला की पाणीही संपते. झाड लावणे हा समारंभ आहे, झाड जगवणे ही मजुरी आहे. समारंभाला गर्दी लोटते; मजुरीला संघटना लागते.

आमच्या वस्तीत झाडे लावायची ठरली तेव्हा एका म्हातारबाईंनी विचारले, “माणसांना पाणी पुरत नाही, झाडाला कुठून घालू?” प्रश्न बिनतोड होता. उत्तर बायकांनीच काढले : तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेले पाणी मोरीत न सांडता बादलीत साठवायचे. एका झाडामागे दोन घरे नेमली. युनियनच्या सवयीने हजेरीपत्रक केले. दर रविवारी प्रत्येक झाडापाशी जाऊन पाहायचे : पालवी आहे का, आळे फुटले का, लोखंडी जाळी बुंध्यात रुतते आहे का. एक घर गावी गेले, तर दुसऱ्याने पाळी सांभाळायची. करंज, कडुनिंब, बहावा अशी इथल्या हवेची झाडे निवडली. सगळी जगली नाहीत. पण कोणते रोप केव्हा आणि कशाने गेले, ते आमच्या वहीत आहे.

लावलेले जगवावे, तसे उभे असलेलेही राखावे लागते. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस लावावी लागते, आणि नागरिकाला हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडलेच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही घातली. अट चांगली आहे. पण गिरणीत बदली कामगार असत, हे आपल्याला ठाऊक आहे. जुना कसबी विणकर काढून पन्नास नवशिके बदली उभे केले, तर त्या दिवशी कापड निघेल काय? तसेच हे. पन्नास रोपांची मिळून एका भाजीवालीपुरतीही सावली पडत नाही. ती वीस वर्षे कुठे बसणार?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. नगरपालिकेकडे किती झाडे लावली याचा हिशेब मागू नका. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत, ते विचारा. पाणी घालणाऱ्या मजुराला तीन उन्हाळ्यांचे काम आणि पुरती मजुरी द्या, असा आग्रह धरा. बुंध्याभोवती सिमेंट ओतले जात असेल, तर तिथेच उभे राहून हटका. आणि आपल्या गल्लीतल्या एका झाडाची हजेरी आपल्या वहीत मांडा. पहिली नोंद येत्या रविवारी करता येईल. ऊन तर पडलेलेच आहे.