दोन कुलपांची तिजोरी

खजिन्याच्या तिजोरीला दोन कुलपें घालून त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांजवळ ठेवण्याची वहिवाट जुनी आहे. एकट्याला ती उघडतां येत नाहीं. मनुष्याच्या रक्तांतील, शत्रूशीं अद्याप गांठ न पडलेल्या टी-पेशींची व्यवस्था अशीच आहे.

टी-पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्या अस्थिमज्जेंत जन्मतात व उरोस्थीमागील थायमस ग्रंथींत तयार होतात. तिच्या आद्याक्षरावरूनच त्यांस हें नांव मिळालें. प्रत्येक पेशीच्या पृष्ठावर ग्राही नांवाचीं प्रथिनें असतात. शरीरांत जंतु शिरला, कीं पहारेकरी पेशी त्याचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठावर मांडतात. असा तुकडा ज्या टी-पेशीच्या ग्राहीशीं जुळतो, तिचें पहिलें कुलूप उघडतें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पहारेकरी पेशीवरील बी-७ हें प्रथिन टी-पेशीवरील सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहीस भिडलें, म्हणजेच दुसरें कुलूप निघतें. मग पेशीच्या आंत एक प्रथिन दुसऱ्यास निरोप देतें, कॅल्शियमचें प्रमाण वाढतें, केंद्रांतील जनुकें कामास लागतात आणि एका पेशीच्या हजारों पेशी होतात. पहिली किल्ली लागून दुसरी न मिळाली, तर पेशी बहुधा निश्चेष्ट पडते. शिपायानें घरच्याच माणसांवर शस्त्र उगारूं नये, म्हणून ही सावधगिरी.

ही व्यवस्था मोडल्यास काय होतें, तें १३ मार्च २००६ रोजीं लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारांत दिसून आलें. टीजीएन-१४१२ हें नवें औषध सीडी-२८ ला असें चेतवी, कीं पहिल्या किल्लीची गरजच उरूं नये. माकडांना तें बाधलें नव्हतें. त्यांना सोसलेल्या मात्रेचा केवळ ५०० वा हिस्सा सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानें टोंचण्यांत आला. दीड तासाच्या आंत डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली. पुढें सहाहि जण अत्यवस्थ होऊन त्यांच्या फुप्फुसांवर व मूत्रपिंडांवर आघात झाला. शर्थीच्या उपचारांनीं सर्वांचे प्राण वांचले. मनुष्याच्या ज्या अनुभवी टी-पेशींवर सीडी-२८ असतो, तशाच माकडाच्या पेशींवर तो नसतो, हा उलगडा मागाहून झाला.

तेव्हांपासून अशा औषधाची पहिली मात्रा एकालाच देऊन वाट पाहण्याचा दंडक पडला. उलट, अबाटासेप्ट हें औषध बी-७ ला झांकून दुसरें कुलूप बंदच ठेवतें, व आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांना त्यानें आराम पडतो. किल्ली तीच, ती कोणत्या बाजूस फिरवावयाची, हें मात्र आधीं नीट जाणून घ्यावें लागतें.