डाव्या पायडलचे उलटे आटे

सायकलचं डावं पायडल काढायला पाना लावला आणि नेहमीसारखा डावीकडे फिरवला, तर ते सुटत नाही, आणखी घट्ट बसतं. कारण त्याचे आटे उलटे असतात. उजव्याचे मात्र सरळ.

हे असं का? पाय मारताना पायडलमधल्या छर्‍यांचं घर्षण पायडलच्या दांडीला सैल करू पाहतं, पण ते फारच थोडं असतं. खरी करामत आपल्या वजनाची. वजन पडतं खालीच, पण पायडल ज्यात बसतं तो क्रँक फिरत असल्यामुळे दांडीच्या दृष्टीने त्या दाबाची दिशा गोल फिरत राहते. दांडी क्रँकच्या भोकात केसभर सैल असतेच. या फिरत्या दाबाने ती भोकाच्या कडेवर लोळते आणि उलट दिशेने सरकत जाते. पेन्सिल मुठीत सैल धरून तिचं वरचं टोक गोल फिरवा. ती मुठीत उलटी वळताना स्पष्ट जाणवेल. डाव्या बाजूला सरळ आटे दिले, तर याच लोळण्यानं पायडल हळूहळू निघून येईल. उलटे आटे त्याच जोराने ते घट्ट करतात. किती सुंदर विचार आहे हा!

क्रँकच्या मधल्या बेअरिंगमध्ये याच कारणासाठी इंग्रजी पद्धतीत उजव्या वाटीला उलटे आटे असतात. जुन्या इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सरळच, म्हणून ती उजवी वाटी फार जोरात आवळावी लागते.

पायडल काढताना एवढं करा: पान्याचा दांडा वर ठेवा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच चालतं.