प्रोटॉन कुठे थांबतो?

पनवेलहून हार्बरची लोकल पकडली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ इथेच आहे, आपल्या पनवेल तालुक्यात. २०२३ सालापासून तिथे प्रोटॉनच्या झोतानं कर्करोगावर उपचार होतात. पेशंटच्या सोबतीला म्हणून तुमच्यापैकी कितीतरी जण त्या आवारात बसले असतील. ते यंत्र भव्य आहेच. पण मला आज बोलायचं आहे ते अशा उपचारामागच्या हिशेबाबद्दल.

क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही त्यांची झळ बसते. प्रोटॉन मात्र शरीरात शिरतो, वाटेत थोडी थोडी ऊर्जा सांडतो आणि थांबता थांबता एकदम मोठा घाव घालतो. १५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन प्रकाशाच्या निम्म्या वेगानं निघतो आणि पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटरवर थांबतो. ती जागा गाठीच्या आतच हवी. डोळ्याच्या नसेला लागून गाठ असेल, तर चार मिलिमीटरची चूकसुद्धा परवडत नाही.

आता शरीर म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे. त्यात हाड आहे, चरबी आहे, हवा आहे. शिवाय काही प्रोटॉन वाटेत थेट अणुकेंद्रकावर आपटतात. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. थांबलेल्या गोटीवर तेवढ्याच वजनाची दुसरी गोटी तिरकी आपटली, की त्या साधारण काटकोनात फाकतात. तसंच इथेही होतं. ऑक्सिजनच्या केंद्रकात मात्र ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन दाटीवाटीनं असतात. तिथे नेमकं काय होतं?

भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बर यांनी १९४७ साली सुचवलं, की आत शिरलेला कण सगळ्या केंद्रकावर एकदम आपटत नाही. तो आतल्या एकेका कणाशी टकरा घेत पुढे जातो. पुढच्याच वर्षी गोल्डबर्गर यांनी अशा टकरींचा माग हातानं, कागदावर काढला. प्रत्येक वळणावर पुढे काय, हे चिठ्ठी काढावी तसं नशिबावर सोडलं. फक्त त्या नशिबाची टक्केवारी प्रयोगांत मोजलेली होती. या पद्धतीला मोंटे कार्लो म्हणतात. त्याच सुमारास उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी ती न्यूट्रॉनच्या गणितासाठी मांडली होती.

आज हेच काम संगणक करतो. शून्य ते एकमधला एक आकडा निघतो, त्यावरून प्रोटॉन किती अंतर जाईल ते ठरतं. दुसरा आकडा सांगतो, टक्कर कुणाशी. तिसरा सांगतो, कोन कोणता. टक्कर झालेल्या कणाला जिथे जायचं ती जागा आधीच भरलेली असेल, तर क्वांटमच्या नियमानं ती टक्करच रद्द. एका प्रोटॉनची गोष्ट संपली, की दुसरा सोडायचा. एखाद्या ठिकाणी दहा हजार नोंदी जमल्या, तर अंदाजात सुमारे एक टक्क्याची अनिश्चितता उरते. ती निम्मी करायची तर नोंदी चौपट हव्यात. गणित इथे सवलत देत नाही.

मला या पद्धतीचं फार अप्रूप वाटतं. एक प्रोटॉन काय करील हे कुणीच सांगू शकत नाही. लाखो मिळून काय करतील हे मात्र मिलिमीटरच्या हिशेबात सांगता येतं, आणि त्या भरवशावर डॉक्टर एखाद्या लहान मुलाच्या डोक्यावर झोत सोडू शकतात.

फिजिक्स घेऊन पुढे काय, असं आपल्याकडची मुलं विचारतात. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो. एमएस्सी करणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. या कामाला माणसं हवी आहेत.